ऑर्कुट गेलं, सवयी राहिल्या: या चुका टाळा

ऑर्कुट हे गूगलचं सोशल नेटवर्क जानेवारी 2004 मध्ये आलं आणि 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. कर्वे रोडच्या सायबर कॅफेत तासाच्या भाड्यावर बसून लावून घेतलेल्या सवयी मात्र फेसबुकवर जशाच्या तशा आल्या. ‘हॅक झालं’ म्हणून धावत येणाऱ्यांचं कुलूप फोडलेलं क्वचितच असतं, किल्ली पायपुसण्याखाली असते.

मेलेला ईमेल पत्ता. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फेसबुकचं खातं 2007 साली याहूच्या पत्त्यावर उघडलं, तो पत्ता नंतर कधी वापरलाच नाही. याहूने 2013 मध्ये वर्षभर न उघडलेले पत्ते नव्या लोकांना देऊन टाकले. म्हणजे ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की पासवर्ड बदलायचं पत्र जाणार कुणा परक्याच्या पेटीत. मोबाइलचंही तेच. बंद केलेला नंबर किमान 90 दिवस राखून ठेवतात, मग तो दुसऱ्याला मिळू शकतो.

उपाय सोपा, पण क्रम पाळा. फेसबुकच्या सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये वैयक्तिक तपशिलात जा, आधी नवा पत्ता जोडा, आलेला कोड टाकून खात्री करा, लॉगआउट होऊन परत आत येऊन बघा. जुना पत्ता त्यानंतर काढायचा. घाईवाले आधी जुना काढतात आणि स्वतःच्याच घराबाहेर उभे राहतात.

ईमेलला सुरक्षा प्रश्न म्हणून ‘आईचं माहेरचं आडनाव’ ठेवलं असेल तर तेही गेलं समजा. तुमचे सख्खे मामा वाढदिवसाला फेसबुकच्या भिंतीवर आशीर्वाद देतात, आणि त्यांचं आडनाव तिथेच छापलेलं असतं. उत्तर खोटं लिहा आणि वहीत टिपून ठेवा.

‘प्रोफाइल कोणी पाहिलं ते बघा’ ॲप. ऑर्कुट खरंच पाहुण्यांची नावं दाखवायचं. फेसबुक दाखवत नाही, त्यामुळे असा दावा करणारं प्रत्येक ॲप थापाडं. चाचण्या-कोडी त्याच माळेतली. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीपर्यंत असल्याच एका चाचणीच्या ॲपमधून लोकांची माहिती गेली. फेसबुकच्याच हिशेबाने भारतात 335 जणांनी ते ॲप घेतलं होतं, आणि मित्रांच्या वाटेने माहिती जाण्याची शक्यता होती 5 लाख 62 हजारांहून अधिक लोकांची. मित्रांची माहिती उपसायची ती वाट 2015 मध्ये बंद झाली. तरी सेटिंग्जमधली ‘ॲप्स आणि वेबसाइट्स’ यादी उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. मात्र त्यांनी आधीच नेलेलं परत येत नाही.

कापलेला स्क्रीनशॉट घेऊन तक्रार. बनावट प्रोफाइल दिसलं की लोक फक्त फोटोपुरता तुकडा कापून सायबर पोलिसांकडे जातात. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. नाव क्षणात बदलता येतं, दुवा (लिंक) सहसा टिकतो. शिवाय पोलीस ज्यावरून माग काढतात तो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणारा क्रमांक, कायम एकाच्या नावावर नसतो. सकाळी दहाला एकाचा, रात्री दहाला दुसऱ्याचा. मोबाइल डेटावर तर एकाच क्षणी अनेकजण तोच पत्ता वापरत असतात.

यातली चूक किती अंगाशी येऊ शकते ते पुण्याने पाहिलंय. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी ऑगस्ट 2007 अखेर बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला उचललं. इंटरनेट कंपनीकडून आलेला आयपीचा तपशील भलत्याच ग्राहकाचा होता. ते कळून सुटका होईपर्यंत त्याचे 50 दिवस येरवड्यात गेले.

तेव्हा प्रोफाइलचा पूर्ण दुवा, तारीख, आणि 24 तासांच्या घड्याळातली वेळ लिहून घ्या. स्क्रीनशॉट अखंड ठेवा. आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर मुलं ठेवणाऱ्या काका-काकूंनो, इंटरनेट जोडणी तुमच्या नावावर आहे. विचारणा तुमच्याकडेच येणार. राउटरवर पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करा, आणि मुलं बदलली की पासवर्डही बदला.

किरकोळ, पण रोजचं:

‘माझे फोटो वापरायला मी परवानगी देत नाही’ हा मजकूर भिंतीवर चिकटवून काहीही होत नाही.

जुन्या पोस्ट एकेक करून झाकत बसू नका. ‘जुन्या पोस्ट मर्यादित करा’ एका झटक्यात सार्वजनिक पोस्ट मित्रांपुरत्या करतं. एका झटक्यात मागे मात्र घेता येत नाही.

निष्क्रिय करणं म्हणजे डिलीट नव्हे. कायमचं डिलीट केल्यावर 30 दिवस लॉगिन करू नका. कुतूहलाने डोकावून डिलीट रद्द केलंत, तर खातं जिवंत.