विंडो एसी घरी कसा साफ करायचा आणि कुठे हात आवरायचा

विंडो एसी थंड करेनासा झाला की सगळ्यात आधी पुढच्या ग्रिलमागची जाळी (एअर फिल्टर) बघा. दहातल्या बऱ्याच वेळा दुखणं तिथेच असतं, कारण एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, थंड कॉइलवरून नेतो आणि परत सोडतो, त्या वाटेत धूळ अडकली की हवा कमी जाते, मग मशीन कितीही जोर लावू दे खोली गारच होत नाही आणि बिल मात्र वाढत राहतं. ही वाट मोकळी ठेवणं आपल्या हातातलं काम आहे, त्यासाठी मेकॅनिकची वाट बघत बसायची गरज नाही.

आधी रिमोटने बंद करा, मग भिंतीवरचा स्विच, मग प्लग काढा, आणि एसीची वेगळी एमसीबी असेल तर तीही खाली करा. नुसत्या रिमोटवर भरवसा ठेवू नका, रिमोटने बंद केलेल्या एसीत करंट असतोच.

पुढचं ग्रिल बहुतेक मॉडेलमध्ये खालून किंवा बाजूने ओढलं की उघडतं, काहींना एक-दोन स्क्रू असतात. जोर लावू नका, जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि त्याच्या खुंट्या पटकन तुटतात. जाळी बाहेर काढल्यावर ती नळाखाली उलट्या बाजूने धरा, म्हणजे धूळ बसलेली बाजू खाली आणि पाण्याची धार मागून. धुळीच्या बाजूने पाणी मारलं तर कचरा जाळीच्या भोकांमध्ये आणखी घट्ट बसतो. चिकटपणा असेल, जो स्वयंपाकघराजवळच्या खोलीत फोडणीच्या तेलकट वाफेमुळे हमखास येतो, तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं भिजत ठेवा आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा. उकळतं पाणी नको, जाळीची फ्रेम वाकडी होते आणि मग खाचेत बसत नाही. सावलीत पूर्ण वाळू द्या. तोपर्यंत बिनजाळीचा एसी थोडा वेळसुद्धा लावू नका, जाळीने अडवायची ती सगळी धूळ थेट ओल्या कॉइलवर जाऊन चिकटते आणि तिथून काढणं फार कटकटीचं असतं. उन्हाळ्यात दर 15 दिवसांनी जाळी धुवायचीच, घराजवळ रस्त्याचं किंवा बिल्डिंगचं काम चालू असेल तर आठवड्याला.

जाळी वाळतेय तोवर टॉर्च घेऊन आतली कॉइल बघा. अल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पट्ट्यांची ओळच्या ओळ दिसते, त्यांना फिन्स म्हणतात, आणि त्या चकाकत नसतील, वर राखाडी लोकरीसारखा थर दिसत असेल तर तो काढायला हवा. हातमोजे घाला, फिन्सच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. सुका मऊ ब्रश (पेंटचा नवीन ब्रश उत्तम) वरून खाली फिरवायचा, फक्त वरून खाली. आडवा फिरवलात तर फिन्स दुमडतात आणि हवा जायची जागाच बंद होते. ब्रशने सैल झालेली धूळ व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. मग स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी आणि अगदी थोडं लिक्विड घेऊन कॉइलवर मारा, थोडं थांबा, परत साध्या पाण्याने मारा, पाणी खालच्या ट्रेमध्ये उतरून मागे जातं. धुण्याचा सोडा, टॉयलेट क्लीनर, लिंबू-व्हिनेगर असले प्रयोग कॉइलवर करू नका, अल्युमिनियम खराब होतं.

दोन गोष्टी इथे सांभाळा. बटणं आणि वायरिंग बहुतेक मॉडेलमध्ये उजव्या बाजूला असतं, ती बाजू प्लास्टिकने झाकून मगच पाणी मारायचं. दुसरं म्हणजे कॉइलच्या पुढे एक बारीक नळी किंवा वायर क्लिपमध्ये अडकवलेली दिसेल, तो टेंपरेचरचा सेन्सर आहे. तो आतल्या हवेचं तापमान बघून कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) चालू-बंद करायला सांगतो, त्यामुळे साफ करताना तो वाकडा झाला किंवा कॉइलला टेकला तर एसी खोली थंड व्हायच्या आधीच कट मारायला लागतो. जसा होता तसाच बसवा.

कॉइलवर बर्फ जमलेला दिसला तर घाबरू नका, हवा कमी जाते तेव्हाही असं होतं. कूलिंग बंद करून नुसता फॅन चालू ठेवा, बर्फ आपोआप वितळेल. चाकू किंवा स्क्रूड्रायव्हरने टोकरायचं अजिबात नाही, आतल्या नळीला भोक पडलं की काम हजारांत जातं. जाळी आणि कॉइल साफ असूनही परत बर्फ आला तर मेकॅनिकला बोलवा.

आता पाण्याचं. खोलीत पाणी गळत असेल तर ड्रेनचं भोक चिखलाने किंवा शेवाळाने तुंबलेलं असतं, नाहीतर एसीचा उतार चुकलेला असतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी, साधारण अर्धा इंच, खाली हवी. आणि पावसाळ्यात मागून पाणी उडाल्यासारखा छपछप आवाज येतो, त्यासाठी कुणी ट्रेला नवीन भोक पाडायला सांगितलं तर पाडू देऊ नका. बऱ्याच विंडो एसींमध्ये मागच्या पंख्याच्या पात्यांभोवती एक कडं असतं, ते ट्रेमधलं गार पाणी उचलून मागच्या तापलेल्या कॉइलवर उडवतं, त्याने कॉइल लवकर थंड होते, ते पाणी मुद्दामच साठवलेलं असतं. मागच्या नळीखाली बादली किंवा ट्रे ठेवला असेल तर मात्र तो दोन-तीन दिवसांत रिकामा करून घासून ठेवा, डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात.

कुबट वास येत असेल तर तो आतल्या ओलीमुळे. एसी बंद करायच्या आधी 15-20 मिनिटं फक्त फॅन मोडवर ठेवायची सवय लावा, कॉइल सुकते आणि बुरशी धरत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही सवय फार कामाची.

सगळं बसवून झालं, सुकलं, की चालू करून 15 मिनिटांनी एसीत ओढली जाणारी हवा आणि ग्रिलमधून बाहेर पडणारी गार हवा साध्या थर्मामीटरने मोजा. 8 ते 10 डिग्रीचा फरक असेल तर मशीन ठीक आहे. बंद केल्यावर लगेच परत चालू करू नका, किमान तीन मिनिटं जाऊ द्या, नाहीतर कंप्रेसरवर ताण येतो.

मागची बाजू मात्र घरी करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. दीड टनाचा एसी सहज 50 किलोच्या आसपास भरतो, तो खिडकीतून ओढताना खाली गेला तर रस्त्यावरच्या माणसाचा जीव जाईल, आणि खिडकीबाहेर वाकून ब्रश मारणं तर त्याहून वाईट. शिवाय आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही करंट धरून ठेवतो. वर्षातून एकदा, शक्यतो फेब्रुवारीत म्हणजे मेकॅनिक मोकळे असतात तेव्हा, पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्या. कबुतरांनी मागे घरटं केलं असेल तर ते काढून जाळी लावून घ्या, विष्ठेने फिन्स कुजतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर आणखी एकदा मागची कॉइल मेकॅनिककडून साध्या पाण्याने धुवून घ्यावी, खारी हवा तिला खाते.

सर्व्हिसिंग चालू असताना तिथे उभे राहा. मेकॅनिक कॉइलवर ॲसिड मारायला निघाला तर नाही म्हणा. आणि "गॅस कमी झालाय" असं म्हणाला तर पहिला प्रश्न हाच विचारा की लीक कुठे आहे? गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, तो वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठून तरी निघून गेलाय. लीक शोधून, ब्रेझिंग करून (धातू वितळवून भोक बुजवून), व्हॅक्यूम मारून (नळ्यांतली हवा पंपाने काढून) मग गॅस भरला तरच पैसे सत्कारणी लागतात, नुसता वरून भरलेला गॅस त्याच भोकातून परत जाणार. लीक कुठे सापडलं ते बिलावर लिहून घ्या.