‘माझ्याइथं तर चालून राहिली ना भाऊ!’ : शेल स्क्रिप्टमधल्या या चुका टाळा

नागपूरच्या आयटी पार्कात काय नि मिहानमध्ये काय, एकाच टीममध्ये कुणाकडे मॅक असतो, कुणाकडे विंडोज, आणि सर्व्हर उबुंटूचा. शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाइल) मात्र सगळ्यांची एकच. मग वरचं वाक्य कानावर येतंच.

निम्मा घोळ स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत असतो; ती कोणत्या शेलने चालवायची हे तिथे लिहिलेलं असतं. वर ‘/बिन/एसएच’ लिहायचं आणि खाली दुहेरी चौकटी कंस, अ‍ॅरे असा सगळा बॅश या शेलचा थाट मांडायचा. उबुंटूत २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून एसएच म्हणजे डॅश हे साधं, छोटं शेल. त्याला यातलं काही कळत नाही. मॅकवर मात्र एसएचच्या आड बॅशच असल्याने चूक दडून राहते. एकतर साधं पॉसिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमांचं सामाईक मानक) शेल लिहा, नाहीतर ‘एन्व्ह’ या प्रोग्राम शोधून चालवणाऱ्या आज्ञेमार्फत उघडपणे बॅश मागा. थेट ‘/बिन/बॅश’ लिहिलंत तर फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवर अडेल, तिथे तो ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये असतो. शिवाय मॅकसोबत येणारा बॅश अजून ३.२ आहे. असोसिएटिव्ह अ‍ॅरे (क्रमांकाऐवजी नावाने किंमत शोधता येणारे) ४.० मध्ये आले, तेव्हा ते तिथे विसरा.

दुसरा हमखास खड्डा ‘सेड -आय’चा, म्हणजे फाइलमधला मजकूर जागेवरच बदलणाऱ्या आज्ञेचा. मॅकचा सेड -आयनंतरचा शब्द बॅकअप फाइलचं एक्स्टेंशन समजून गिळतो. म्हणून तिथे रिकामं अवतरण दिलं, की लिनक्सचा सेड त्यालाच सूचना समजतो आणि खरी सूचना फाइलचं नाव म्हणून शोधत बसतो. ‘-आय.बॅक’ असं चिकटवून लिहा, दोन्हीकडे चालतं. उरलेली बॅकअप फाइल नंतर पुसा. पॉसिक्सच पाळायचं असेल तर निकाल तात्पुरत्या फाइलीत घ्या आणि ‘कॅट’ने मूळ फाइलीत ओता. ‘एमव्ही’ केलंत तर फाइलच्या परवानग्या बदलू शकतात, हे सहसा कुणी सांगत नाही.

कालची तारीख काढायला लिनक्सवर ‘डेट -डी’, मॅकवर ‘डेट -व्ही’. पॉसिक्समध्ये दोन्ही नाहीत. ‘इको -ई’ सोडा, ‘प्रिंटएफ’ वापरा. ‘सॉर्ट’चा क्रम लोकेलनुसार (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगनुसार) बदलतो, म्हणून आधी ‘एलसी_ऑल’ला ‘सी’ करा.

‘बॅड इंटरप्रिटर’ दिसलं आणि पहिली ओळ तर बरोबर आहे? मग विंडोजच्या एडिटरने ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न घुसडलेलं असणार. गिटच्या अ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत स्क्रिप्टांसाठी एलएफ (कॅरेज रिटर्नशिवाय साधा ओळशेवट) सक्तीचं करा.

शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारा प्रोग्राम) जरूर चालवा. पण तो शेलची भाषा तपासतो, समोरच्या मशीनवर कोणता सेड आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी स्क्रिप्ट अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये एकदा पळवा. तिथे मुळात बॅशही नसतो.