आपल्यातल्याच माणसावर आरोप झाला तर

आमचा नाटकाचा गट, बारा वर्षं एकत्र. एका रात्री तालमीनंतर वायरी गुंडाळताना एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, दादा मला रोज रात्री मेसेज करतात. परवा कमरेत हात घातला." आणि मी विचारलं, "तुझा गैरसमज तर नाही ना झाला?" तिने गुंडाळलेली वायर उलगडली, पुन्हा गुंडाळली आणि निघून गेली. परत तोंड उघडायला तिला तीन आठवडे लागले. म्हणून हे लिहितेय.

कुणी सांगायला आलं की आधी फक्त ऐका. "तेव्हाच का ओरडली नाहीस?" हे विचारूच नका. भीतीने अंग गोठतं, आवाज फुटत नाही, नंतर सगळं सलग आठवतही नाही. त्याचा अर्थ संमती होत नाही. "तुला आता काय हवंय?" एवढं विचारा. ती हो म्हणाली तर त्याच रात्री तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसकट लिहून काढा आणि तिला वाचून दाखवा. आपलं मत त्यात मिसळू नका. मूळ मेसेज पुसू नका म्हणावं. पोलिसांकडे जायचं की नाही, हे तिने ठरवायचं. मूल अल्पवयीन असेल तर मात्र गप्प बसून चालत नाही.

चौकशी दोन-तीन जणांनी करावी, त्यात निदान एक जण बाहेरचा हवा. वीस जणांनी तिला तीच गोष्ट वीसदा सांगायला लावू नये.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रार लेखी द्या, उत्तराला वेळ द्या. "आगीशिवाय धूर निघत नाही" आणि "तो तसा नाहीच", दोन्ही चौकशीआधीच दिलेले निकाल आहेत. दादांना मी बारा वर्षं ओळखत होते; मी नसताना ते कसे वागतात, हे त्या ओळखीतून मला कधीच कळलं नसतं.

तोवर दोघांना समोरासमोर आणू नका, पण घरी तिला बसवू नका. आम्ही नेमकं तेच केलं. "थोडे दिवस येऊ नकोस, तुझ्याच भल्यासाठी" म्हटलं आणि तिची भूमिका दुसरीला दिली. बोलल्याची शिक्षाच झाली ती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामाच्या जागी होणाऱ्या हिंसा नि छळाविरुद्धचा 2019चा करार (क्रमांक 190) तक्रारदाराला आणि साक्षीदारांना अशा सूडापासून संरक्षण द्यायला सांगतो, आणि त्यात पगारी नोकरदारांबरोबर शिकाऊ नि स्वयंसेवकही येतात.

"मिटवून टाका, गट फुटेल" म्हणणारे भेटतीलच. गट फुटतो तो कुजबुजीने. म्हणून शेवटी सगळ्यांना एवढं तरी सांगा: चौकशी झाली, निर्णय झाला, आता अमुक बदललंय. आम्ही काहीच सांगितलं नाही. दिवे सांभाळणारा मुलगा कारण न देता यायचा थांबला. आणि वर्षभराने आणखी दोघी मला म्हणाल्या, "ताई, आम्हालाही यायचे ते मेसेज."