पैसा पाण्यात घालायचा नसेल तर : किनारी पाणथळींवरच्या संशोधन-प्रस्तावांत या चुका टाळा

किनाऱ्यावरच्या बिघडलेल्या पाणथळ जागा पूर्ववत करण्यावर पीएचडी करायची म्हणून विद्यार्थी निधी मागतात, तेव्हा प्रस्तावात नवी चूक क्वचितच सापडते. कधी खारफुटी असते, कधी खाऱ्या दलदलीतलं गवत, चुका त्याच. त्यातल्या दोन अशा आहेत की त्या राहिल्या तर बाकीचा प्रस्ताव कितीही देखणा असला तरी उपयोग नाही.

दोन वर्षांत ‘यश’ सिद्ध करायचं वचन

फेलोशिप दोन वर्षांची, फार तर तीन. पहिले चार-सहा महिने परवानग्या आणि साहित्य जमवण्यात जातात, शेवटचे सहा लिखाणात. उरतो वाढीचा एक हंगाम, नशीब चांगलं असेल तर दीड. आणि उद्दिष्टात लिहिलेलं असतं : ‘परिसंस्था पूर्ववत झाली का, हे तपासणे.’ जगभरच्या ६२१ पुनर्स्थापित पाणथळींचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ काळानंतरही जैविक रचना मूळ पाणथळींपेक्षा सरासरी २६ टक्के कमी आणि कार्बन-नायट्रोजनसारख्या घटकांचं चक्र २३ टक्के मागे असल्याचं आढळलं. तुम्ही ते चोवीस महिन्यांत तपासणार?

अशा घाईत काय होतं, हे अमेरिकेतल्या सॅन डिएगो उपसागरातल्या स्वीटवॉटर दलदलीवरून नीट कळतं. महामार्गाच्या कामाची भरपाई म्हणून १९८०च्या दशकात तिथे नवी दलदल घडवली. लाइट-फुटेड रेल या दुर्मीळ, पाणकोंबडीच्या कुळातल्या पक्ष्याला घरट्यासाठी उंच कॉर्डग्रास लागतं, ते तिथे वाढावं हा हेतू. गवत रुजलं, हिरवंगारही दिसलं, पण उंच होईना. खाली भरड वाळू होती; तिच्यात नायट्रोजन टिकत नव्हता. नायट्रोजनचं खत दिलं की गवत उंच व्हायचं, खत थांबवलं की पुन्हा खुजं. त्यात खवले कीटकही पडले. पाणथळींच्या अभ्यासक जॉय झेडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या म्हणून हे कळलं. आता यातला फक्त खत घातलेल्या दोन वर्षांचा तुकडा कापून घ्या. आलेख वर चढतोय, छायाचित्रं सुंदर आहेत. त्यावर यशाचा प्रबंध आरामात उभा राहिला असता आणि एकही आकडा खोटा नसता.

म्हणून प्रश्न छोटा करा. ‘दलदल सुधारली का’ हा दोन वर्षांचा प्रश्न नव्हे. ‘भरड आणि बारीक गाळात नायट्रोजन किती काळ टिकतो’ हा आहे. मोठाच प्रश्न हवा असेल तर जुन्या नोंदींच्या खांद्यावर बसा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय खाडी-संशोधन राखीव क्षेत्रांत १९९५पासून पाण्याच्या नोंदी सुरू आहेत, दर १५ मिनिटांनी एक. अशा ठिकाणी विद्यार्थ्याची दोन वर्षं लांब साखळीतली एक कडी होते. जमिनीची पातळी मोजणाऱ्या आरसेटचंही तेच. जमिनीत पुढे जाईना इतका खोल ठोकलेला स्टीलचा दांडा, त्यावर आडवा हात, चार दिशांना नऊ-नऊ सळ्या, एकूण ३६ मोजण्या. यंत्र मिलिमीटरात बोलतं, पण कल दिसायला पाचेक वर्षं लागतात. नवा आरसेट बसवून दुसऱ्याच वर्षी ‘दलदल समुद्राबरोबर वाढते आहे’ असं लिहिणं हा निव्वळ उतावळेपणा.

निधी देणाऱ्यांनाही यात मोकळं सोडता येत नाही. पाच जागांवर पाच विद्यार्थी विखुरण्यापेक्षा एकाच जागेवर एकामागून एक तीन विद्यार्थी बसवा. पहिल्याच्या शेवटच्या तीन महिन्यांत दुसरा रुजू झाला पाहिजे, म्हणजे कुठला खुंट कुठे आहे हे चिखलात उभं राहून दाखवता येतं. नकाशावरून ते कळत नाही.

उंची न मोजता लागवड

दुसरी चूक याहून साधी, आणि म्हणूनच जास्त चीड आणणारी. प्रस्तावात रोपांची संख्या असते, जाती असतात, ड्रोन तर असतोच. जमिनीची पातळी कुठेच नसते. खारफुटी साधारणपणे मध्य समुद्रपातळीच्या वरच्या पट्ट्यात वाढते. खारफुटी-तज्ज्ञ रॉबिन लुईस यांनी घालून दिलेला ढोबळ आडाखा असा की जागा एकूण वेळेच्या ३० टक्के किंवा त्याहून कमी वेळ पाण्याखाली असावी. फिलिपिन्समध्ये मोठमोठ्या लागवडींत सखल चिखलपट्ट्यांवर आणि समुद्री गवतावर रायझोफोरा या खारफुटीची रोपं खोचली गेली. त्याचे दांड्यासारखे बीजांकुर मोठे, गोळा करायला आणि रोवायला सोपे. शिवाय योग्य पातळीच्या जागा मत्स्यतळ्यांत अडकलेल्या. दीर्घकाळात १० ते २० टक्केच रोपं टिकली. सखल जागी रोप पाण्याखाली गुदमरतं, खोडावर बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचधारी जीव) चढतात, लाटा त्याला हलवून सैल करतात. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा रोपं लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मोजतानाही गोंधळ होतो. हातातल्या जीपीएसची उंचीतली चूक काही मीटर असते आणि इथे फैसला दहा-वीस सेंटिमीटरवर होतो. आरटीके (दुरुस्ती-संकेत घेणारा अचूक जीपीएस) वापरा, तो दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेतो. पण त्याच्या काठीचं टोक चिखलात घुसतं, त्यामुळे तिच्या बुडाला हाताच्या पंज्याएवढी चपटी चकती लावा. आरटीकेची मूळ उंची लंबगोलापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) असते, समुद्रपातळीपासूनची नव्हे. दोन्हींतला फरक काही ठिकाणी १०० मीटरच्याही पुढे जातो. कुठलं संदर्भतल वापरलं, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दाट गवतावर लायडार (लेझरने उंची मोजणारं यंत्र) जमिनीऐवजी गवताची उंची सांगतो, हेही ध्यानात असू द्या.

मग पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारा लॉगर. साधा लॉगर पाण्याचा आणि हवेचा दाब एकत्रच मोजतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की पाण्याची पातळी साधारण १ सेंटिमीटरने चुकते. वादळी आठवड्यात १५ सेंटिमीटर सहज. म्हणजे वर सांगितलेला सगळा फैसला गेला. हवेत टांगलेला एक जादा लॉगर हा त्यावरचा उपाय. बजेटमधून सगळ्यात आधी कापला जातो तोही हाच. लॉगरची स्वतःची पातळी सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा मोजा. पाइप चिखलात खचतो. किमान एक पूर्ण महिना नोंद घ्या, म्हणजे उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) दोन्ही दोनदा येतात. फक्त उधाणाच्या दिवशी जागा पाहून आलेल्याला ती जागा कळलेली नसते.

बाकीच्या, थोडक्यात

एका पुनर्स्थापित जागेत तीस क्वाड्रॅट (मोजणीच्या चौकटी) टाकले म्हणजे नमुने तीस होत नाहीत. जागा एकच, नमुना एकच. संदर्भजागा, म्हणजे तुलनेसाठीची न बिघडलेली जागा, एकच घेतली तर तिकडेही तेच. क्वाड्रॅट कमी करा, जागा वाढवा.

कामाआधीच्या नोंदी नाहीत? मग ‘बदल’ हा शब्द वापरू नका.

गाळाचा नळकांडी-नमुना घेताना आतला गाळ दबतो. आतली आणि बाहेरची खोली, दोन्ही मोजा, नाहीतर कार्बनची घनता फुगते. शंख-शिंपल्यांचा चुना आम्लाने काढल्याशिवाय सेंद्रिय कार्बन मोजू नका. शिसे-२१० या किरणोत्सारी शिशावरून गाळाचं वय काढायचं असेल तर गॅमा-मोजणीआधी नमुना तीनेक आठवडे हवाबंद ठेवावा लागतो आणि एकेका कापाला यंत्र दिवसभर अडकतं. हा वेळ वेळापत्रकात धरलेला जवळजवळ कधीच दिसत नाही.

रोपं-बियाणं दुरून आणू नका. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात १९७०च्या दशकात बाहेरून आणलेल्या स्पार्टिनाचा (कॉर्डग्रासचा) स्थानिक जातीशी संकर झाला आणि तो निस्तरायला पुढच्या पिढ्या लागल्या.

बजेटमध्ये बोट दिवसावर मागू नका, ओहोटीवर मागा. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. भांगाच्या आठवड्यात सखल पट्टा उघडाच पडत नाही. उधाणात कामाची खिडकी दोन-तीन तासांची. वीस दिवसांचं काम लिहायचं तर आधी वर्षाच्या भरती-तक्त्यातून दिवसाउजेडी येणाऱ्या पुरेशा खोल ओहोट्या मोजा. सोबतच्या मदतनिसाची मजुरी आणि विमा त्याच ओळीत टाका. एकट्याने चिखलात उतरायची परवानगी कुठल्याही गाइडने देऊ नये. निधीची तारीख हंगाम संपल्यावर सुरू होत असेल, तर ती पुढे ढकलून मागा. सही करण्यापूर्वी हे सहसा मान्य होतं. पहिला हप्ता जमा झाल्यावर मात्र अर्ज, स्पष्टीकरण, पुन्हा अर्ज, आणि तोवर दुसरा हंगामही निघून गेलेला असतो.