केक संध्याकाळचा, उजेड सकाळचा

घरून केकच्या ऑर्डरी घ्यायला लागले, त्या पहिल्या सहा महिन्यांतले फोटो मी आजही कुणाला दाखवत नाही. ओट्यावर केक, मागे डाळींचे डबे, डोक्यावर ट्यूबलाइट आणि शेजारच्या खोलीतून येणारा पिवळा उजेड. क्रीम एकीकडून निळसर, दुसरीकडून हळद लागल्यासारखं. मोबाईल जुना म्हणून नवा घेतला, फोटो तसेच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा, पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपासची. एकाच फोटोत दोन्हींचा मेळ फोनला घालता येत नाही, हे फार उशिरा कळलं.

म्हणून आधी दिवे बंद करा. घरचे विचारतील, अंधारात काय चाललंय. विचारू दे, एक खिडकी पुरते.

खरी पंचाईत वेळेची. वाढदिवसाचा केक संध्याकाळी सातला न्यायला येतात, म्हणजे तो तयार होतो पाच-साडेपाचला, आणि डिसेंबरात सहाला अंधार. वर्षभर मी या शर्यतीत हरले. शेवटी कामाचा क्रमच बदलला: स्पंज आदल्या रात्री, आयसिंग सकाळी, दहाच्या आत फोटो, मग केक फ्रिजमध्ये. गार झालेल्या स्पंजचा चुराही कमी पडतो, हा वरचा फायदा. मे महिन्यात व्हिप्ड क्रीम दहा मिनिटांत घाम सोडतं. तेव्हा आधी केकच्या जागी पातेलं उपडं ठेवून उजेड, मागचा कार्डशीट, फोनची जागा सगळं ठरवते आणि केक सगळ्यात शेवटी बाहेर काढते.

खिडकीतून थेट ऊन नको. ग्रिलचे पट्टे केकवर उमटतात. तिथे बटर पेपर चिकटवला की उजेड मऊ होतो. उजेड बाजूने येऊ द्या. समोरून आला तर पावाची जाळी, बिस्किटाच्या भेगा सगळं सपाट दिसतं. सावलीच्या बाजूला थर्माकोलची शीट उभी करायची, म्हणजे उजेड तिच्यावरून परतून सावलीवर पडतो. पावसाळ्यात मात्र आभाळच बटर पेपरचं काम करतं, त्यामुळे माझे बरेचसे चांगले फोटो जुलै-ऑगस्टमधले आहेत.

भिंतींकडेही लक्ष ठेवा. समोरच्या इमारतीला गेरूसारखा रंग दिला आणि माझं पांढरं क्रीम तांबूस दिसायला लागलं. आठवडाभर मी क्रीमलाच दोष देत होते! आता बेडरूमच्या खिडकीत काढते.

फोन सगळ्याला मधल्या करड्या उजेडात आणू पाहतो. त्यामुळे पांढरा केक मळका येतो आणि चॉकलेटचा फिकट. स्क्रीनवर केकवर बोट दाबून धरा, मग पांढऱ्यासाठी उजेड थोडा वर, चॉकलेटसाठी खाली. उंच केक त्याच्याच पातळीवरून, नानकटाई थेट वरून. फार जवळ जाऊ नका, केक वाकडातिकडा दिसतो. दोन पावलं मागे येऊन दुप्पट झूम करा. पोर्ट्रेट मोड मी सोडून दिला, तो मेणबत्त्या आणि पायपिंगच्या, म्हणजे क्रीमच्या नक्षीच्या, कडा खातो.

फिल्टरबद्दल एक रडगाणं. फिक्या जांभळ्या फुलांच्या केकला मी हौसेने फिल्टर लावला आणि फुलं गडद झाली. तो फोटो बघून एका बाईंनी तसाच केक सांगितला. दारात डबा उघडून त्या म्हणाल्या, “फोटोत वेगळा होता हो.” चूक माझीच, दोनशे रुपये सोडले. आता फक्त पांढरा पांढरा दिसेल इतकंच सुधारते, आणि डब्यात ठेवलेल्या केकचा फिल्टर न लावलेला फोटो ऑर्डर निघण्याआधी पाठवते.

राहिला कापलेल्या तुकड्याचा फोटो. आतले थर बघितल्याशिवाय कुणी ऑर्डर देत नाही, पण गिऱ्हाइकाचा केक कापणार कसा? त्याच घाण्यातलं थोडं मिश्रण चार इंची टिनमध्ये ओतून छोटा भाऊ करून ठेवते. सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, एकदाच खाली न्यायची आणि पुन्हा पुसायची. फोटो झाला की तो घरच्यांचा. शाळेतून आल्या आल्या मुलगा आधी फ्रिज उघडून विचारतो, “यातला दाखवायचा कुठला आणि खायचा कुठला?”