ट्रिगर बोटाला पटत नसेल तर: स्क्रू फिरवण्याआधीची तयारी

पिस्तूल रिकामं, नळी टार्गेटकडे. यावर जास्त बोलत नाही. ज्याला हे सांगावं लागत असेल त्याने स्क्रूला हातच लावू नये.

मी १० मीटर एअर पिस्तूल डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. सोबत त्या मॉडेलचं मॅन्युअल घ्या, कारण कुठला स्क्रू कशाचा हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं आणि अंदाज इथे महागात पडतो. नीट बसणारी ॲलन की, वही, पेन. आणि ५०० ग्रॅमचं चाचणीचं वजन: ट्रिगर किमान तेवढा जड असावा लागतो, म्हणजे त्याला टांगलेलं हे वजन त्याने न सुटता उचललं पाहिजे. स्वतःचं नसेल तर मागून आणा, पण ते हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका. ‘वजन नंतर रेंजवर बघू’ म्हणून मी एकदा स्क्रू फिरवत बसलो होतो; मॅचच्या दिवशी तपासणीच्या टेबलावरून वजन उठायच्या आतच ट्रिगर सुटला.

आता, नक्की काय खटकतंय ते आधी शोधा. ‘जड वाटतो’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा ट्रिगर जड नसतोच. तो लांब असतो नाहीतर जवळ असतो. ग्रिप नेहमीसारखी धरा आणि बोट ट्रिगरवर ठेवा. पहिल्या पेराचा मऊ भाग टेकतोय का? बोटाची बाजू ग्रिपला घासत नाही ना? घासत असेल तर बोट ट्रिगर सरळ मागे न ओढता कडेला ढकलतं, आणि मग स्क्रू कितीही फिरवा, शॉट बाजूलाच जाणार. अशा वेळी आधी ग्रिप बघायची: कुठे घासायची, कुठे पुट्टी भरायची. हे कंटाळवाणं काम आहे म्हणून लोक टाळतात आणि बिचाऱ्या ट्रिगरला नावं ठेवतात.

ग्रिप ठीक असेल तर ट्रिगर शू (ट्रिगरचा बोट टेकतं तो भाग) पुढेमागे सरकवा, लागलाच तर किंचित तिरका करा. मग वजन टांगा. हो, वजनाच्या स्क्रूला हात लावलेला नसतानाही. शू हलला की बोट आणि पिव्होट (ट्रिगर ज्या खिळीवर फिरतो ती) यांच्यातलं अंतर बदलू शकतं, म्हणजे तरफ बदलते, आणि काल ५१० ग्रॅम उचलणारा ट्रिगर आज ४९० ला सुटतो. बोटाला हा फरक कळत नाही. नळी उभी सरळ वर, वजन शूच्या मध्याजवळ, पेलेट (छर्रा) नाही पण हवेचा दाब चालू, कारण खरी तपासणीही तशीच होते. नुसत्या ड्राय फायरवर (हवा न सोडता, पेलेटशिवाय ट्रिगर ओढणं) तपासून समाधान मानू नका.

मग टप्पे. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये बराचसा भार पहिल्या टप्प्यात ठेवणं मला पटतं. पण दुसरा इतका हलका करू नका की भिंत, म्हणजे पहिला टप्पा संपल्यावर बोटाला जाणवणारा अडथळा, लागलेलीच कळणार नाही. एका वेळी एकच स्क्रू, अर्ध्या फेऱ्याच्या आत. किती फिरवला ते वहीत. आणि वजन. पहिल्या टप्प्यातून काढलेला भार दुसऱ्यात आपोआप जात नाही, एकूण ५०० च्या खाली कधी गेलात ते समजतही नाही. मी तर १०-२० ग्रॅम जास्तच ठेवतो. टेबलावर वजन उचलायला तीनच प्रयत्न मिळतात. तिथे नापास झालात तर दुरुस्त करून परत नेता येतं, पण मॅच संपल्यावर अचानक होणाऱ्या तपासणीत नापास म्हणजे थेट बाद. एवढं वाचूनही वजन न टांगणारे असतीलच.

२५ मीटरच्या पिस्तुलावर जाणाऱ्यांसाठी: तिथे किमान १००० ग्रॅम आहे, म्हणजे ट्रिगर दुप्पट जड वाटणारच. तो बिघाड नव्हे. स्क्रू सोडा, सराव करा.

ट्रिगर स्टॉप: शॉट सुटल्यावर ट्रिगर किती मागे जातो ते यावर ठरतं. फार आवळला तर शॉट सुटणारच नाही, म्हणून थोडी मोकळीक ठेवा. मग पुन्हा वजन.

त्यानंतर कोऱ्या भिंतीकडे ड्राय फायर, फोरसाइट (नळीवरची पुढची माशी) हलते का एवढंच बघायचं. मग कोऱ्या टार्गेटवर पेलेट. ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) सरकला तरी साइटला लगेच हात नको, आधी तो घट्ट होऊ द्या. बोटाला सवय व्हायला वेळ लागतो, रोज नवा बदल केलात तर ती कधीच होणार नाही. मॅचच्या आठवड्यात स्क्रू बंद. तोवर जमलं नसेल तर जुन्या नोंदीवर परत जा आणि तशीच मॅच खेळा.