चित्रपटातला प्रसंग आणि इंग्रजी संभाषणाचा तास

इंग्रजी संभाषणाच्या वर्गात चित्रपट दाखवायचा म्हटले की आपण शिक्षक बहुधा अख्खा चित्रपट लावतो, विद्यार्थी दोन तास मजेत बसतात आणि शेवटपर्यंत कोणाच्याही तोंडून इंग्रजीचे एक वाक्य निघत नाही. प्रौढांसाठी चालवलेल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गातही पहिले वर्षभर हेच घडत होते. पुढे मी एका तासाला दोन मिनिटांचा एकच प्रसंग घेऊ लागलो आणि एका पात्राने प्रश्न विचारला आहे, दुसऱ्याने अजून उत्तर दिलेले नाही, नेमक्या त्या जागी चित्र थांबवू लागलो. सहज बोलणारा इंग्रजी भाषक मिनिटाला 150 च्या आसपास शब्द बोलतो, म्हणजे दोन मिनिटांत 300 शब्द कानावर पडू शकतात. पाऊण तासाच्या वर्गाला एवढी सामग्री भरपूर होते.

प्रसंग निवडताना दोन माणसे आणि एक साधी गरज एवढे पाहावे: वस्तू विकत घेणे, पत्ता विचारणे, तक्रार करणे, नकार देणे. भाषणे, पाठलाग, गाणी आणि लांबलचक स्वगते टाळावीत, मग ती कितीही गाजलेली असोत. माझी कसोटी सोपी आहे. आवाज बंद करून प्रसंग स्वतः पाहावा, आणि केवळ चेहऱ्यांवरून व हातवाऱ्यांवरून कोणाला कोणाकडून काय हवे आहे ते कळले, तर तो वर्गात चालतो.

या कसोटीला उतरणारा आणि मराठी वर्गाला जवळचा वाटणारा प्रसंग म्हणजे 2012 च्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधला न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानातला. पुण्याची शशी गोडबोले रांगेतून पुढे येते, विक्रेती एकामागून एक प्रश्न विचारते, पाणी मागितले तर कोणते पाणी, साधे की बुडबुड्यांचे, असे विचारते, मागची माणसे खोळंबतात आणि शशी शेवटी रडत बाहेर पडते. हा प्रसंग पहिल्यांदा आवाजाशिवाय दाखवावा आणि काय चालले असेल ते मराठीतच बोलू द्यावे, कारण तर्क मराठीत झाला तरी कान पुढे काय ऐकायचे आहे त्यासाठी तयार होतो. दुसऱ्यांदा आवाज सुरू करावा आणि पाण्याच्या प्रश्नावर थांबवावे. वर्गाला एवढेच विचारावे: तुम्ही तिथे असता तर काय म्हणाला असता?

माझ्या वर्गात पहिल्यांदा हे केले तेव्हा बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग एकाने ‘आय वॉन्ट टू ड्रिंक वॉटर’ असे व्याकरणशुद्ध आणि दुकानात निरुपयोगी ठरेल असे वाक्य म्हटले, कारण विक्रेतीचा प्रश्न पाण्याच्या प्रकाराचा होता. तेवढ्यात किराणा दुकान चालवणाऱ्या एक काकू म्हणाल्या, “अहो, मी पण गिऱ्हाइकाला असंच विचारते. सुटं देऊ की पाकिटातलं? अर्धा किलो की एक? नवीन माणूस माझ्याकडेही गोंधळतच असेल.” त्या दिवसापासून मी या प्रसंगाआधी विक्रेत्याच्या प्रश्नांची साखळी विद्यार्थ्यांकडूनच फळ्यावर लिहून घेतो: काय हवे, किती हवे, कोणत्या प्रकारचे, इथे बसून की सोबत न्यायला, रोख की कार्ड. प्रश्न कोणत्या क्रमाने येणार हे आधी ठाऊक असले की त्यातले अर्धे शब्द निसटले तरी माणूस गडबडत नाही.

त्यानंतर अडल्यावर वापरायची वाक्ये द्यावीत, आणि माझ्या मते संपूर्ण तासाचा कणा हाच आहे. शशीला ‘पाणी’ या अर्थाचा शब्द येत होता. समोरच्याला थांबवणारे वाक्य तिच्याजवळ नव्हते. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’, ‘व्हॉट्स द डिफरन्स?’, ‘गिव्ह मी अ मोमेंट, प्लीज’ ही तीन वाक्ये विद्यार्थ्याच्या जिभेवर बसेपर्यंत पुढचे काही शिकवू नये. मग जोड्या पाडून एकाने विक्रेता व्हावे, दुसऱ्याने गिऱ्हाईक, आणि विक्रेत्याने मुद्दाम भरभर बोलावे. पडद्यावरचे संवाद पाठ करून घेण्याच्या फंदात मात्र पडू नये, कारण पाठ केलेले वाक्य समोरच्याने एक शब्द बदलला की कोसळते.

तिसऱ्यांदा दाखवताना लक्ष उच्चारांकडे वळवावे. मराठी माणूस प्रत्येक अक्षर सारखेच स्पष्ट उच्चारतो, तर इंग्रजी भाषक महत्त्वाच्या शब्दावर जोर देऊन बाकीचे गिळून टाकतो. ‘कॅन आय हॅव अ ग्लास ऑफ वॉटर’ या वाक्यात कानाला ठळक लागतात ते ‘ग्लास’ आणि ‘वॉटर’. मधला ‘ऑफ’ जेमतेम ‘अव’ इतकाच उरतो, आणि ‘वुड यू’चे ‘वुज्यू’ होते. जोराच्या शब्दावर बाकावर टिचकी मारत वाक्य म्हणायला लावले, तर हे समजावून सांगण्याचे कष्ट वाचतात.

विनंतीच्या बाबतीत आपली अडचण आणखी वेगळी आहे. मराठीत आदर क्रियापदात आणि सर्वनामात असतो. ‘द्या ना जरा’ किंवा ‘द्याल का’ म्हटले की झाले, आणि घरात तर कोणी ‘कृपया’ म्हणत नाही. तेच मनात घेऊन इंग्रजीत ‘गिव्ह मी’ म्हटले की ते हुकूम सोडल्यासारखे ऐकू येते. प्रसंगातल्या प्रत्येक विनंतीला विद्यार्थ्यांनी हात वर करावा आणि ती ‘कॅन’ने सुरू झाली, ‘कुड’ने की ‘वुड यू माइंड’ने, हे नोंदवावे. निरोपाचेही तसेच आहे. निघताना आपण ‘येते हं’ म्हणतो, आणि त्याचे शब्दशः ‘आय कम’ केले तर ऐकणारा दाराकडे पाहत राहतो.

थोडे पुढे गेलेल्या वर्गासाठी ‘माय फेअर लेडी’ या 1964 च्या चित्रपटातला घोड्यांच्या शर्यतीचा प्रसंग घ्यावा. ‘पिग्मॅलियन’ या जॉर्ज बर्नार्ड शॉच्या नाटकावरून तो बेतलेला आहे, आणि त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ केले, त्यामुळे कथा सांगत बसावे लागत नाही. हवा आणि तब्येत एवढ्याच विषयांवर बोल, अशी तंबी नायिका एलायझाला दिलेली असते. तिचे उच्चार निर्दोष होतात, पण तब्येतीवरून ती थेट मावशीच्या संशयास्पद मृत्यूवर घसरते. कुठे निघालात, पगार किती, मुलीचे जमले का, अशी चौकशी आपल्याकडे आपुलकीची मानली जाते. ती वगळून अनोळखी माणसाशी पावसावर एक मिनिट बोलत राहणे किती कठीण आहे, ते या सरावात कळते. मतभेद शिष्टपणे मांडायला शिकवायचे असेल, तर 1957 चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ उपयोगी पडतो, कारण जवळजवळ सगळा चित्रपट एका खोलीतल्या वादाचाच आहे. मात्र दोन मिनिटांची शिस्त तिथेही पाळावी.

इंग्रजी उपशीर्षके तिसऱ्या वेळेपर्यंत बंद ठेवावीत, हिंदी किंवा मराठी तर लावूच नयेत. वाचायला वेळ मिळावा म्हणून उपशीर्षकांत पुष्कळदा संवाद आखडलेला असतो, आणि पडद्यावर काय लिहिले आहे व कानाला काय ऐकू आले यांतला फरक शोधणे हा स्वतंत्र खेळ होतो. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये अध्यापनासाठी काही सवलती आहेत. तथापि फी घेऊन चालणाऱ्या खासगी वर्गाने त्या आपल्याला आपोआप लागू होतात असे धरून चालू नये.

गृहपाठ म्हणून जोडीने तोच प्रसंग स्वतःच्या गावातल्या दुकानात घडवून मोबाइलवर आवाज मुद्रित करावा आणि पुढच्या तासाला ऐकवावा. महिन्याभराने जुना प्रसंग न सांगता पुन्हा लावावा व त्याच जागी थांबवावा. मी तसे केले तेव्हा किराणा दुकानाच्या काकूंनी क्षणभरही न थांबता ‘व्हॉट्स द डिफरन्स?’ विचारले, आणि विक्रेता झालेल्या विद्यार्थ्यालाच उत्तर सुचेना, त्यामुळे उरलेली दहा मिनिटे बुडबुड्यांचे पाणी म्हणजे काय हे इंग्रजीत समजावण्यात गेली.